गाठ हाताला लागली, आता काय? आमच्याकडे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज गाठींचे नमुने तपासायला येतात. त्यांच्यासोबत नातेवाइकांचे प्रश्नही येतात, कधी काउंटरवर, कधी फोनवर, कधी रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. हे वाचून डॉक्टरांकडे जाणं मात्र टाळू नका. आमचा आग्रह एकच आहे: शरीरातून काढलेली गाठ, कितीही साधी वाटली तरी, लॅबमध्ये तपासून घ्या आणि तिचं नाव कागदावर येऊ द्या.

१. अंगावर गाठ आली म्हणजे कॅन्सरच असतो का?

नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारं अवधान, पू धरलेलं गळू, मनगटावरची पाण्याची गाठ, कातडीखाली दाट मळ साठून फुगलेली पिशवी, या सगळ्यांना आपण गाठच म्हणतो, पण त्यात पेशींची बेसुमार वाढ नसते.

ट्यूमर वेगळा. शरीरातल्या पेशी गरजेपुरत्या वाढतात आणि थांबतात. हे थांबणं बिघडलं की पेशींचा गोळा तयार होतो. तो साधा, म्हणजे बिनाइन असेल तर जागच्या जागी वाढतो, शेजारच्या भागाला बाजूला ढकलतो, आणि बऱ्याचदा त्याला स्वतःचं आवरण असतं. कॅन्सरचा, म्हणजे मॅलिग्नंट असेल तर तो शेजारच्या भागात घुसतो आणि रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून (लिम्फ या द्रवाच्या बारीक नळ्यांतून) फुप्फुस, यकृत, हाडं अशा दूरच्या ठिकाणी जाऊन तिथे वाढू लागतो. गाठ दाबून पाहिल्यावर अनुभवी डॉक्टरांना अंदाज येतो. खात्री मात्र पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावरच होते.

२. माझी गाठ अजिबात दुखत नाही. मग काळजीचं कारण नाही ना?

या एका समजुतीने जितकं नुकसान केलं आहे तितकं दुसऱ्या कशानेच केलं नसेल. दुखणं, लाल होणं, ठणकणं ही बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची किंवा सुजेची लक्षणं असतात. सुरुवातीचा कॅन्सर सहसा दुखत नाही. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून बायका घरकामात, लग्नकार्यात, मुलांच्या परीक्षांमध्ये महिनोन्‌महिने घालवतात आणि कातडी ओढली गेली किंवा जखम झाली की मग येतात. गाठ दुखत नसली तरी दाखवा. दुखत असली तर दाखवाच.

३. कोणत्या लक्षणांत वाट पाहायची नाही?

महिनाभरात मोठी झालेली, टणक, खालच्या भागाला चिकटून बसलेली गाठ. तोंडातला किंवा जिभेवरचा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज. स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव. शौचातून किंवा लघवीतून रक्त. मूळव्याध आहे म्हणून शौचातल्या रक्ताकडे वर्षभर काणाडोळा केलेले रुग्ण आम्ही पाहतो. वृषणातला टणकपणा. मांडी, दंड किंवा पाठीत खोलवर असलेली पाच सेंटीमीटरहून मोठी गाठ. तळपायावर किंवा नखाखाली पसरत चाललेला काळा डाग. आपल्याकडे मेलॅनोमा हा कातडीचा कॅन्सर तळवे आणि नखं यांवर जास्त दिसतो. यातलं काहीही म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पण यातल्या कशालाही ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका.

४. मानेत गाठ आहे. एक डॉक्टर टीबी म्हणतात, घरचे कॅन्सरला घाबरलेत. नक्की काय असेल?

आपल्याकडे मानेतल्या गाठीमागे टीबी हे फार मोठं कारण आहे. सुईने थोडा नमुना घेऊन तो मायक्रोस्कोपखाली पाहतात आणि त्याचीच सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधणारी चाचणी करतात. टीबी निघाला तर सरकारी केंद्रात औषधं मोफत मिळतात आणि ती सहसा सहा महिने घ्यावी लागतात.

‘टीबीच असणार’ असं म्हणून नमुना न घेता गोळ्या सुरू करणं मात्र आम्हाला पटत नाही. लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा (मान, काख, जांघेत असणाऱ्या लिम्फच्या गाठींचा) कॅन्सर बाहेरून अगदी तसाच दिसू शकतो. त्यातून तपासणीआधी स्टेरॉइड दिलं गेलं तर गाठ काही दिवस आक्रसते, सगळे निश्चिंत होतात आणि नंतर घेतलेल्या नमुन्यात निदान अवघड होऊन बसतं. तंबाखू खाणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेत टणक गाठ आली तर आधी तोंड आणि घसा नीट तपासून घ्यावा, कारण मूळ आजार तिथे असू शकतो.

५. बाबांच्या अंगावर चरबीच्या दहा-बारा गाठी आहेत. पुढे त्यांचा कॅन्सर होईल का?

लायपोमा, म्हणजे चरबीची मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ, कॅन्सरमध्ये बदलत नाही असंच धरून चाला. काहींच्या घराण्यातच अशा अनेक गाठी असतात. दुखत नसतील, वाढत नसतील तर काढायची गरज नाही. त्यातली एखादी एकदम वाढू लागली किंवा खोलवर असली तर मात्र तपासा (प्रश्न १४).

काही साध्या गाठी पुढे बदलू शकतात. मोठ्या आतड्यातले अ‍ॅडिनोमा प्रकारचे पॉलिप यात सर्वांत महत्त्वाचे, म्हणून कोलोनोस्कोपीत दिसताच ते काढून टाकतात. गर्भाशयातल्या फायब्रॉइडचं कॅन्सरमध्ये रूपांतर अतिशय दुर्मीळ. त्या भीतीने गर्भाशय काढायची घाई करू नका.

६. मुलगी बावीस वर्षांची आहे. स्तनात गोल, सरकणारी गाठ आहे. लग्न ठरायचंय, काय करावं?

या वयात अशी गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमा निघते. ती साधी असते. डॉक्टरांनी हाताने तपासणं, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी, या तिन्हींचा निष्कर्ष जुळला की निर्धास्त होता येतं. तरुणपणी स्तनाची घडण दाट असते, त्यामुळे मॅमोग्राफीपेक्षा सोनोग्राफीत जास्त कळतं, चाळिशीनंतर मॅमोग्राफी. लहान फायब्रोअ‍ॅडिनोमा नुसता लक्षात ठेवून दर काही महिन्यांनी तपासला तरी चालतो. वाढत असेल तर काढतात. लग्नासाठी गाठ लपवू नका आणि लग्नासाठी घाईने कापूही नका. मुलीला पुढे बाळाला अंगावर पाजण्यात याने अडचण येत नाही, हे सासरच्यांना सांगायची वेळ आली तर ठामपणे सांगा.

पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो. प्रमाण कमी, स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष, पण पन्नाशीच्या पुरुषाला एका बाजूला टणक गाठ लागली तर तपासणी तीच.

७. आई वर्षानुवर्षं मिश्री लावते. गालात पांढरा चट्टा आहे, पण ती म्हणते त्रास काही नाही.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दात घासायचं साधन म्हणून ती घराघरांत शिरली आणि ‘मी तंबाखू खात नाही’ असं सांगणाऱ्या आज्यांच्या हिरड्यांत तंबाखू रोज मुरत राहिला. गालातला, न पुसला जाणारा पांढरा चट्टा हा कॅन्सर नव्हे, पण त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. चट्ट्यात लाल भाग असेल तर धोका जास्त. मिश्री पूर्ण बंद करून चट्ट्याचा लहानसा तुकडा तपासायला पाठवतात.

सुपारीबद्दलही सांगायला हवं. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक ठरली आहे. गुटखा, मावा आणि सुपारीमुळे गालाची आतली बाजू ताठ होत जाते. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी कॉलेजच्या वयातली मुलं अशी आखडलेली तोंडं घेऊन येतात, आणि ते पाहून फार वाईट वाटतं.

८. सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. बायॉप्सी करू की नको?

करा. बायॉप्सी म्हणजे गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासणं. स्तन, मान, थायरॉइड, तोंड, कातडी अशा नेहमीच्या ठिकाणी बायॉप्सीमुळे आजार पसरून रुग्णाचं नुकसान होतं ही भीती निराधार आहे. ही समजूत रुजायचं कारण असं की बरेच जण आजार वाढल्यावरच तपासणीला येतात आणि पुढच्या बिघाडाचा दोष सुईला लागतो.

तरीही काही ठिकाणी सुई लावायचे नियम वेगळे आहेत. वृषणात कॅन्सरचा संशय असेल तर अंडकोशाच्या कातडीतून सुई घालत नाहीत. जांघेतून शस्त्रक्रिया करून वृषणच काढतात. अंडाशयातल्या संशयास्पद गाठीला बाहेरून भोक पाडत नाहीत, कारण आतला द्रव पोटात सांडू शकतो. हाडाच्या कॅन्सरमध्ये सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवावं, कारण सुईची वाटही नंतर काढावी लागते.

९. आधी एफएनएसी केली, आता बायॉप्सी सांगितली. पैसे उकळतायत का?

बहुतेक वेळा नाही. एफएनएसीत बारीक सुईने फक्त सुट्या पेशी मिळतात. त्या पेशी आसपासच्या भागात घुसल्या आहेत का, हे त्यात दिसत नाही. कोअर बायॉप्सीत जाड सुईने अखंड तुकडा मिळतो आणि त्यावर पुढच्या चाचण्याही करता येतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू या कॅन्सरच्या पेशींमधल्या खुणा तपासल्याशिवाय औषध ठरत नाही, त्यासाठी तुकडाच लागतो. थायरॉइडच्या काही गाठींमध्ये तर सुई अपुरी पडते. गाठीचं आवरण फुटलं आहे का हे पाहायला ती पूर्ण काढूनच तपासावी लागते.

१०. हॉस्पिटलने गाठ बाटलीत घालून हातात दिली आणि लॅबला न्या म्हणाले. काय काळजी घ्यायची?

बाटलीत फॉर्मेलिन, म्हणजे तुकडा सडू नये म्हणून वापरायचं द्रावण, आहे ना, हे तिथल्या तिथे विचारा. त्याचा वास नाकाला झोंबतो, तेवढ्यावरून कळतं. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये तासन्‌तास ठेवलेल्या तुकड्यातल्या पेशी सडतात, मग आमच्या हाती काही लागत नाही. फॉर्मेलिन तुकड्याच्या साधारण दहापट हवं. बरणीचं तोंड रुंद हवं, कारण अरुंद तोंडातून कोंबलेली मऊ गाठ फॉर्मेलिनमध्ये ताठ होते आणि बाहेर काढताना फाटते. नाव, वय, कुठल्या बाजूची गाठ हे बरणीवर लिहिलेलं हवं, झाकणावर नको, झाकणं बदलतात. फ्रीजमध्ये ठेवू नका. स्कूटरच्या डिकीत आडवी टाकू नका. डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट सोबत आणा.

पुढे आम्ही गाठीच्या कडांना शाई लावतो, तिचे काप करतो. फायब्रोअ‍ॅडिनोमा कापला की पांढरट, चकचकीत आणि कडेला फुगीर दिसतो; स्तनाचा कॅन्सर सुरीखाली करकरतो आणि त्याच्या कडा चरबीत शिरलेल्या दिसतात. निवडक तुकडे मेणात बसवून तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतो आणि गुलाबी-जांभळा रंग देऊन पाहतो. म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात. हाड असेल तर ते आधी मऊ करावं लागतं, त्याला आणखी वेळ.

११. रिपोर्टमध्ये ‘ग्रेड ३’ लिहिलंय. म्हणजे तिसरी स्टेज का?

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशी मूळच्या पेशींपेक्षा किती बिघडलेल्या दिसतात ते ग्रेड सांगते. आजार शरीरात कुठवर पोचला ते स्टेज सांगते: गाठीचा आकार, लसिकाग्रंथी, दूरचे अवयव. ग्रेड ३ असूनही आजार पहिल्या स्टेजचा असू शकतो. ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकून लोक खूश होतात, पण त्याचा अर्थ कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी आहेत असा होतो. अशा वेळी पुन्हा शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन लागू शकतं.

१२. दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे आले. कुणाचं खरं मानायचं?

तुमच्या गाठीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्या आणि त्या अवयवाच्या जाणकार पॅथॉलॉजिस्टना दाखवा. मागायला संकोचू नका, आम्हाला त्यात अपमान वाटत नाही. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये जाणार असाल तर नुसता कागद नेऊ नका, ब्लॉक आणि स्लाइडही न्या. मुंबईची एक फेरी वाचेल.

१३. पेट स्कॅन चमकला किंवा ट्यूमर मार्कर वाढला, म्हणजे कॅन्सर पक्का ना?

पक्का नाही. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखा पदार्थ टोचतात आणि तो जास्त साखर वापरणाऱ्या पेशींत साठतो. टीबीच्या गाठीही तशाच चमकतात. ट्यूमर मार्कर म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारे पदार्थ, पण ते इतर कारणांनीही वाढतात. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पोटाच्या टीबीतही वाढतं. पीएसए प्रोस्टेट नुसतं मोठं झाल्यावरही वाढतं. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेलं असू शकतं. निरोगी माणसाने सवलतीच्या ‘कॅन्सर पॅकेज’मध्ये हे सगळे मार्कर करून घेऊन झोप उडवून घेऊ नये. निदान तुकड्यावरच ठरतं (प्रश्न ९).

१४. मांडीतली गाठ ओळखीच्या डॉक्टरांकडे भूल देऊन पटकन काढून घेतली तर?

लहान, कातडीलगतची असेल तर चालेल. पाच सेंटीमीटरहून मोठी, स्नायूत खोल असलेली किंवा वाढत जाणारी असेल तर कृपया थांबा. तो सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागांचा कॅन्सर, असू शकतो. आधी एमआरआय, मग बायॉप्सी, मग ऑपरेशन, हा क्रम मोडला आणि गाठ अर्धवट निघाली तर पेशी आजूबाजूच्या स्नायूंत पसरतात. मग पुढची शस्त्रक्रिया कितीतरी मोठी होते.

१५. गाठ साधी आहे म्हणतात, तरी ऑपरेशन का सांगतात?

कारण साधी असली तरी जागा अवघड असू शकते. मेंदूच्या आवरणातला मेनिंजिओमा बहुधा साधा असतो, पण कवटीत त्याला वाढायला जागा नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ नजरेच्या नसेवर दाब देते. जबड्यातला अमेलोब्लास्टोमा हाड पोखरत जातो आणि नुसता खरवडला तर परत येतो. कानाखालच्या पॅरोटिड ग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्या असतात, पण वर्षानुवर्षं ठेवल्या तर त्यांतल्या काही बदलतात. चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते, त्यामुळे हे काम सरावलेल्या सर्जनकडेच द्यावं.

१६. बहिणीच्या अंडाशयातल्या गाठीत केस आणि दात निघाले. घरात करणीची चर्चा सुरू आहे.

ही करणी नाही, आणि गर्भही नाही. अंडाशयातल्या बीजपेशींमध्ये शरीराचा कुठलाही भाग घडवायची क्षमता असते. त्यातली एखादी चुकून स्वतःच वाढू लागली की डर्मॉइड तयार होतो. त्यात केसांचा गुंता, पिवळट तेलकट पदार्थ आणि कधी दातही सापडतो. आम्ही असे दात हातात घेऊन पाहिले आहेत, अगदी दाढेसारखे. याला पुरुषाचा संबंध यावा लागत नाही. ही गाठ लहान मुलींतही सापडते. हे मुद्दाम लिहितो आहोत, कारण अविवाहित मुलींवर घरचेच संशय घेतात आणि त्या मुली आयुष्यभर तो सल बाळगतात. बहुतेक डर्मॉइड साधे असतात. मोठा असेल तर त्याला पीळ पडून पोटात असह्य कळा येऊ शकतात, म्हणून काढतात; तरुण मुलीत शक्य तितका अंडाशय वाचवून.

करणी उतरवतो म्हणून पैसे मागायला कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा. अशा फसवणुकीविरुद्ध राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

१७. परकराच्या नाडीने कॅन्सर होतो हे खरं का?

अतिशय क्वचित, पण नोंद आहे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी कमरेवर अशा जागी कातडीचा कॅन्सर झालेल्या दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी काचत राहिली, व्रण झाला आणि तो भरलाच नाही. साडी सोडायची गरज नाही. नाडी सैल बांधा, जागा बदला, रुंद पट्टा वापरा. भाजल्याचा जुना व्रण पुन्हा पुन्हा फुटत असेल तर तोही तपासा, कारण तिथेही असंच होऊ शकतं.

१८. मुलाच्या फोटोत एक बुबुळ पांढरं दिसतं. कॅमेऱ्याचा दोष असेल का?

असू शकेल, पण त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा. पाच वर्षांखालच्या मुलांत रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कॅन्सरची पहिली खूण बऱ्याचदा फ्लॅशच्या फोटोतच दिसते. वेळेत कळला तर जीव बहुतेक वेळा वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. सर्दी-खोकल्यानंतर मुलांच्या मानेत लागणाऱ्या बारीक गाठी मात्र बहुतेक निरुपद्रवी असतात.

१९. गाठ होऊच नये म्हणून काही लस आहे का?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे. त्यातल्या सुमारे ७० टक्के केसेसमागे एचपीव्ही विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार असतात. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ मध्ये बाजारात आली. लग्नाआधी, शाळेच्या वयात दिली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त. लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करतच राहा. हिपॅटायटिस बीची लस यकृताच्या कॅन्सरपासून वाचवते. कॅन्सर स्वतः मात्र संसर्गजन्य नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळी करू नका.

२०. पैसे नाहीत. पुण्यात कुठे जायचं?

ससून सर्वसाधारण रुग्णालय, महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आणि पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय इथून सुरुवात करता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड, आधार आणि बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी त्यांना भेटा. भरती झाल्यावर भेटलात तर धावपळ होते.

२१. आईला कॅन्सर असल्याचं तिला सांगायचं की नाही?

सांगावं, असं आमचं मत आहे. केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरून तिला कळणारच, आणि तेव्हा ती एकटी असते. एकदम सगळं सांगायची गरज नाही. ती विचारेल तेवढ्याचं खरं उत्तर द्या आणि डॉक्टरांना सोबत घ्या.

२२. गावाकडे गाठ काढली, पण तपासायला पाठवलीच नाही. आता काय करता येईल?

आधी त्या दवाखान्यात फोन करा. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेली असेल तर काही आठवड्यांनीही ती तपासता येते, लगेच मागवा. फेकली असेल तर ऑपरेशनचा कागद घ्या. त्यावर गाठीचा आकार, खोली आणि ती पूर्ण निघाली का हे लिहिलेलं असतं. नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. मग सर्जनना जागा दाखवून सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. तिथे काही उरलेलं किंवा नव्याने वाढलेलं दिसलं तर त्याची बायॉप्सी होईल. काहीच दिसलं नाही तर पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी ती जागा तपासून घ्या आणि प्रत्येक वेळी तो कागद सोबत ठेवा.